काळ्या बाई आणि बारा गुलाबी बाहुल्या

बाई खेळणी मासळीसारखी घ्यायच्या. कशेळीच्या खाडीकाठी वाढलेल्या बाईला कल्ला उचलून पाहिल्याशिवाय मासा घेता येत नाही, आणि आमच्या बाईंच्या मते मासा काय, बाहुली काय, पारख एकच. दुकानात शिरल्या की त्या खेळणं उलटं करायच्या, पोटात अंगठा दाबायच्या, नाकाशी धरून वास घ्यायच्या आणि मग त्या मुक्या प्लॅस्टिकला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "तू कोनाची गं?" आपल्या वर्गातल्या एका तरी पोराला हे आपल्या घरातलं वाटेल का, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. उत्तर पटलं नाही तर खेळणं परत फळीवर जायचं. मंडईजवळचा दुकानदार बाईंना लांबून येताना पाहिलं की चहा सांगायचा. बाईंसाठी नव्हे, स्वतःसाठी.

भिवंडीत टेमघरला एका चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आमची बालवाडी भरते. तीस-पस्तीस पोरं. कुणाचे आईवडील तेलंगणातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आलेले, कुणाचे उत्तर प्रदेशातून, कुणी मालेगावचे, कुणी शहापूरकडच्या खेड्यातले कुणबी, आणि चार-पाच घरं इथलीच आगऱ्यांची. पाणी हवं हे आमच्या वर्गात चार भाषांत सांगितलं जायचं आणि बाईंना चारही कळायच्या. उत्तर मात्र त्या सगळ्यांना आपल्याच आगरी बोलीत द्यायच्या, फक्त जरा मोठ्याने. पोरांना ते समजायचं. न समजून सांगतात कुणाला, आवाजच तसा होता.

शिक्षिका आम्ही दोघी. बाईंचा रंग चांगला पक्का काळा, माझा गोरा. वस्तीने पहिल्याच आठवड्यात आपली सोय करून घेतली, त्या काळ्या बाई आणि मी गोरी टीचर. मला ऐकून ओशाळायला व्हायचं. एकदा मी म्हटलं, बाई, आपण पालकांना सांगूया ना, नावाने हाक मारा म्हणून. बाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कशाला उगाच? सुमन म्हनून इचारलं तर ह्या गल्लीत तीन निंगतील. काली बाई इचारली का मानूस सरल माझ्याच दारात."

मी ठाण्याहून बालशिक्षणाचा कोर्स करून आले होते. माझ्याकडे शैक्षणिक खेळण्यांची यादी होती, ती मी भिंतीवर लावली होती, आणि मला वाटायचं की बाईंनी ती कधीतरी वाचावी. बाईंचा नियम त्या यादीत नव्हता. "घरचं येक, परक्याचं येक," असं त्या म्हणायच्या. एकदा देणगीत घरांचं कोडं आलं. त्यात बर्फाचं घर होतं, लाकडी झोपडी होती, लाल कौलांचा बंगला होता. बर्फाच्या घराचा आपल्या पोरांना काय उपयोग म्हणून मी तो तुकडा बाजूला काढला. बाईंनी तो परत ठेवला. म्हणाल्या, "बर्फातपन मानसं ऱ्हातात ह्ये पोरांना कलू दे. पन बाजूला आपली चालपन ठेव. न्हायतर त्यांना वाटंल का घर फकस्त चित्रातल्या लोकांनाच असतं." मग त्यांनी पुठ्ठ्याची चाळ कापली, पत्र्याचं छप्पर, दारात पिंप आणि वर डिशची थाळी. आठवड्याभरात पोरांनी बर्फातला माणूस उचलून चाळीत भाड्याने ठेवला. त्याला तिथे गरम व्हायचं, म्हणून त्याच्यासाठी पंखाही लागला.

भातुकलीचंही तसंच. बाजारातल्या स्वयंपाकाच्या सेटमध्ये ओव्हन होता आणि बर्गर होता. बाईंनी तो ठेवला, पण प्रत्येक आईकडून घरातलं एक जुनं भांडं मागवलं. इडलीची थाळी आली, तोटीचा बदना आला, उत्तरेकडची कणीक मळायची पितळी कठौती आली, मावरं म्हणजे मासळी धुवायची टोपली आली. एकीने शिट्टी हरवलेला कुकर पाठवला. शिट्टी पोरं तोंडाने द्यायची, आणि डाळीला तीन शिट्ट्या की पाच यावरून घराघरांत मतभेद असल्यामुळे सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या वर्गात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. माझी यादी पंख्याच्या वाऱ्याने केव्हाच फाटली होती. मी ती पुन्हा लावली नाही.

मग त्या बाहुल्या आल्या. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामातल्या लोकांनी पावसाळा सरता सरता खोकं पाठवलं. त्यात बारा बाहुल्या, बाराही गुलाबी, केस सोनेरी, डोळे निळे. मी हरखून गेले. इतकं नवंकोरं आमच्याकडे कधी आलं नव्हतं. बाईंनी एकीला पायाला धरून उलटं केलं, वास घेतला आणि विचारलं, "तू कोनाची गं?" मग त्यांनी बाहुली माझ्या गालाजवळ धरली, जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर तुझीपन न्हाय."

तरी बाहुल्या ठेवल्या, कारण पोरांनी तोवर ताब्यातच घेतल्या होत्या. त्याच सुमाराला लक्ष्मी नवीन आली होती. चार वर्षांची, काळीभोर, तेलात चापून बसवलेल्या दोन वेण्या. वडील लूम चालवायचे, आई पद्मा त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीने एक बाहुली उचलून कडेवर घेतली. बंटी नावाचा आमचा एक फार व्यवहारी मुलगा होता. त्याने तिला नीट समजावून सांगितलं, "ये तेरी बेटी नहीं हो सकती. ये गोरी है. तू इसकी कामवाली बन." त्यात खोडी नव्हती. वर्गातली बाहुली गोरी, पुस्तकातली आई गोरी, भिंतीवरच्या तक्त्यावरची परी गोरी, तेव्हा त्याचा हिशोब बरोबरच होता. लक्ष्मीलाही तो पटला. तिने बाहुली त्याच्या हातात दिली आणि उरलेला वेळ हाताने फरशी झाडत बसली.

हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि संध्याकाळी वहीत लिहिलं, "मुले भूमिका-खेळात छान रमली." ते वाक्य आजही त्या वहीत आहे आणि ती वही मी कुणाला दाखवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मी उंबऱ्यावर बसायला लागली. आत यायची नाही, बोलायची नाही, डबाही तिथेच खायची. काय झालं ते सगळं बाईंनी तीन दिवसांत बंटीकडून काढून घेतलं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याने मला जास्त लागलं. पंधरा दिवस गेले तसं पद्माने येऊन सांगितलं, "बाई, दिवाळीपर्यंत बघते. नाय बसली आत, तर कारखान्यात नेते संगती. तिथं निदान डोळ्यासमोर तरी ऱ्हाईल." लूमच्या शेडमध्ये माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोलतो, तरी ऐकू येत नाही. हवेत सुताचा कापूस तरंगत असतो. तिथे वाढलेलं एक पोर बाईंकडे पूर्वी आलं होतं, ते हाक मारली तरी वळून बघायचं नाही, बहिरं झालं होतं. बाईंनी पद्माला एवढंच म्हटलं, "दिवालीला येल हाय आजून. बघू." आणि मला म्हणाल्या, "चल, पिशवी घे. काली बाहुली आनायची."

त्या महिन्यात आम्ही भिवंडी पालथी घातली. देशभराचा माल ज्या गावातल्या गोदामांत येऊन पडतो त्या गावात एक काळी बाहुली मिळेना. सावळीही मिळेना. एका दुकानदाराने कळवळून सांगितलं, "मॅडम, काली गुडिया कौन लेगा? नज़र उतारने की चाहिए तो नाके पे मिलेगी, ट्रक पे टांगते हैं ना, वो." मी बाईंचा दंड धरला. मला वाटलं, आता हा माणूस संपला. बाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, माझी पोरगी चार वर्षांची हाय. तिला कंच्या ट्रकला टांगू?" दुकानदाराने मान खाली घातली आणि आम्हाला चहा पाजला. हा मात्र आमच्यासाठी होता.

आता भिवंडीच्या माणसाला एखादी वस्तू हव्या त्या रंगात मिळाली नाही तर तो काय करतो? डाईंगला टाकतो. बाईंनी बारापैकी चार बाहुल्या पिशवीत घातल्या आणि आम्ही कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेलो. तिथले मास्टर सत्तरीचे, नखांत कायमचा निळा रंग, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. उभ्या आयुष्यात लाखो मीटर कापड रंगवलेल्या त्या माणसाने बाहुल्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, "प्लास्टिक पे नहीं चढ़ेगा" असं दोनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "टाकून तर बघ." चाचांनी टाकल्या. बाईंना नाही म्हणणं तसं कुणालाच जमायचं नाही.

कढत पाण्यातून बाहुल्या निघाल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर झाले होते, नायलॉनचे होते ना, ते रंग पिऊन बसले. चेहरे होते तसेच गुलाबी. डोळे आणि ओठ मात्र रंगाबरोबर वाहून गेले होते. त्या चार बिनडोळ्यांच्या बायका मी पिशवीत घालून रिक्षाने आणल्या, आणि रिक्षावाला वाटभर आरशातून माझ्याकडेच बघत होता. बाई म्हणाल्या, डोळे काय, आपण काढू पेनाने. पण पोकळ बाहुलीच्या पोटात रंगाचं पाणी साठलेलं असतं हे आम्हा दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी पोरांनी बाहुल्या हातात घेतल्या, बसवल्या, आणि मांडीच्या सांध्यातून तपकिरी धार लागली. "बाहुलीने शी केली," असा एकच पुकारा झाला. आनंदाला पारावार नव्हता. बंटीने धावत जाऊन दोन चिंध्या आणल्या आणि बाहुल्यांची ढुंगणं पुसायला घेतली. दुपारी तीस पोरं तपकिरी हातांनी घरी गेली आणि संध्याकाळी तीस आया आमच्या दारात. बाईंनी सगळ्यांची माफी मागितली, आणि साबण कुठला लावायचा तेही सांगितलं.

त्या गोंधळात एक गोष्ट झाली. उंबऱ्यावर बसलेली लक्ष्मी हसली. मोठ्याने, पोट धरून. आत मात्र आली नाही. दिवाळीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

चाचांना ती बातमी कळली आणि त्यांची झोप उडाली. त्यांचा रंग सुटला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते आपणहून बालवाडीत आले, काखेत शेड कार्ड. म्हणजे रंगवलेल्या कापडाचे बोटभर तुकडे ओळीने चिकटवलेला पुठ्ठा, प्रत्येकाखाली नंबर. "प्लास्टिक छोड़ो, कपड़े की गुड़िया बनाओ," ते म्हणाले. "ग्रे कपड़ा मेरा, रंग मेरा. बच्चों का हाथ दिखाओ, वही शेड मारके देता हूँ." ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं, न रंगवलेलं कापड. बाईंनी तिथल्या तिथे पोरांची रांग लावली.

पण तोवर खिडकीशी आया जमल्या होत्या, आणि पुढचा तास मी कधी विसरणार नाही. चाचा पोराचा हात कार्डाला लावायचे, नंबर सांगायचे आणि खिडकीतून हरकत यायची. बंटीची आई म्हणाली, "इतना थोड़े है, धूप में खेलता है ना." शहापूरची एक म्हणाली, जन्मला तेव्हा दुधासारखा होता. मालेगावची म्हणाली, हात नका बघू, पोट बघा. कार्डावर उजळ रंग वर, गडद खाली, आणि प्रत्येकीला आपलं लेकरू दोन नंबर वर हवं होतं. चाचा घामाघूम झाले. शेवटी बाईंनी स्वतःचा हात पुढे केला, "आदी माझा नंबर सांग." चाचांनी अदबीने कार्डाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं, "आप तो गेहुँआ हैं, मॅडम." बाई म्हणाल्या, "चाचा, मोतीबिंदू झालाय तुला." सगळ्या आया हसल्या. माझी पाळी आली तेव्हा मी हात उलटा करून मनगटाची आतली बाजू कार्डाला लावली. मुद्दाम नव्हे. पण लावली, आणि बाईंनी ते पाहिलं.

सगळ्यांत शेवटी बाईंनी उंबऱ्यावर जाऊन लक्ष्मीचा हात धरून आणला. पद्मा मागे उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला. चाचांनी तो इवलासा हात कार्डाच्या अगदी खालच्या ओळीवर ठेवला. चष्मा पुसला. मग म्हणाले, "ये मुश्किल शेड है. हल्का रंग तो कोई भी मार दे. इसमें रंग सबसे ज़्यादा लगता है, टाइम सबसे ज़्यादा लगता है, मार्केट में भाव भी डार्क का ज़्यादा. पूरा दिन इसी को देना पड़ेगा." ते कुणाचं मन राखायला बोलत नव्हते. कारागीर जसा कामाचा अंदाज सांगतो तसं सांगत होते, आणि म्हणूनच ते खिडकीपर्यंत पोचलं.

बंटीने आपला हात पाहिला, लक्ष्मीचा पाहिला आणि रांगेत पुन्हा उभा राहिला. "चाचा, मेरे में भी थोड़ा ज़्यादा डालो ना." त्याची आई खिडकीतून म्हणाली, "हाँ चाचा, एक नंबर नीचे चलेगा. धूप में तो खेलता ही है."

कापड आलं. आयांनी बाहुल्या शिवल्या, आणि कुणाचा पदर डावीकडून, कुणाचा उजवीकडून, नऊवारीचा काष्टा नीट की नाही, ओढणी डोक्यावरून की खांद्यावरून, यावर दहा दिवस भांडल्या. बाईंनी एकच गोष्ट बजावली होती, ही याची आणि ती तिची असं कुणी सांगायचं नाही. टोपली मध्ये ठेवायची आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं बाईंना किती जड गेलं ते मी बाजूला बसून पाहत होते.

लक्ष्मी पहिल्या दिवशी आली नाही आत. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले तेव्हा ती उठली, टोपलीतून एक काळी आणि एक गव्हाळ अशा दोन बाहुल्या घेतल्या, भिंतीशी पाय पसरून बसली, दोघींना मांडीवर घेतलं आणि तेलुगूतून झापायला लागली. तिचा बोलण्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतो. चांगला खणखणीत होता. पद्मा न्यायला आली होती, ती दारातच थांबली. बाईंनी हळूच विचारलं, "काय बोलते गं?" पद्मा म्हणाली, "लवकर जेवा म्हनते. तिला ड्युटीवर जायचंय." मग तिने डोळे पुसले आणि कारखान्याचं नावही काढलं नाही. जाताना फक्त म्हणाली, सुट्टीनंतर डबा जरा मोठा देते, इथं भूक लागत असंल.

त्या दिवशी बाहुल्या आवरताना बाईंनी मला एक सांगितलं. लहानपणी त्यांच्या वाडीत पोरी बाहुलीचं लग्न लावायच्या. "मी कंदी करवलीपन झाली न्हाय. मी सदा वरातीच्या गाडीचा बैल." बाई हसत होत्या. "बैल चांगला व्हायची पन. जोरात धावायची." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण त्यांनी माझ्या हातात झाडू दिला होता.

त्याला आता सहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात बाई सकाळचा चहा पिऊन जरा आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जावयाने नाक्यावर श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. मी तिकडून जात होते, बरोबर लक्ष्मी होती, आता चौथीत आहे, शाळा सुटली की मला मदत करायला येते. ती फ्लेक्सपाशी थांबली आणि म्हणाली, "टीचर, या कोण?"

मी वर पाहिलं. खाली बाईंचं नाव होतं, वर एक गुलाबी बाई होती. तीन दिवस मला रडू आलं नव्हतं, तेव्हाही नाही आलं. आला तो राग. मी तडक फ्लेक्सच्या दुकानात गेले. तो तरुण बिचारा घाबरला. "ताई, फेस क्लीन केला फक्त. सगळेच करून घेतात, आम्ही वेगळे पैसे पण घेत नाही. गेलेल्या माणसाला काळं दाखवलं तर घरचे ओरडतात." मी माझ्या फोनमधला बाईंचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तो माऊस सरकवायचा आणि विचारायचा, बस? मी म्हणायचे, अजून. बस? अजून. शेवटी मलाच कळेना. लक्ष्मी माझ्या खांद्यामागून वाकून बघत होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं थांबा."

नवा फ्लेक्स संध्याकाळी लागला. बाईंचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणतात, जन्मभर बाईंच्या आवाजाशेजारी राहून फार कमी बोलणारे झालेले. पहिल्या फ्लेक्सकडे ते फिरकलेच नव्हते, जावयाने दोनदा बोलावूनही. त्या संध्याकाळी मी निरोप धाडला तेव्हा आले. रस्त्याच्या कडेला चपला काढल्या, मान वर केली आणि कंटेनरवाले हॉर्न देत होते तरी हलले नाहीत.

"हां," ते म्हणाले. "आता आली."